विक्रम आणि पूर्णता

वाङ्मयचर्चेस वाहिलेल्या मासिकांत टेबलावरील चेंडूंच्या खेळाचा विचार आलेला पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. क्लबांतील धूर, काठ्यांचा खडखडाट आणि पैजांचा बाजार यांचा साहित्यविचाराशीं काय संबंध, असें ते विचारतील. आणि हा प्रश्न अगदींच गैर आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु एखाद्या कृतीचें रूप न्याहाळणें, तिच्या घटकांचा परस्परसंबंध शोधणें आणि शेवटीं तिची योग्यता ठरविणें हें जर टीकाकाराचें काम असेल, तर मनुष्याच्या ज्या ज्या कृतीस रूप आहे ती ती टीकेचा विषय होऊं शकते. अमेरिकेंत ‘स्ट्रेट पूल’ या नांवानें जो खेळ खेळला जातो, त्यांतील न चुकतां चालविलेली दीर्घ मालिका ही अशीच एक कृति आहे. तिच्याविषयीं जें लिहिलें जातें तें मात्र बहुतेक आंकड्यांच्या भाषेंत. कोणीं किती चेंडू घेतले आणि कोणाचा विक्रम कोणीं मोडला, एवढ्यावर चर्चा थांबते. ओव्या मोजून ग्रंथाची थोरवी ठरविण्याची रीत आपण काव्याच्या बाबतींत केव्हांच टाकून दिली आहे. मग ती येथेंच कां चालावी? या एका प्रश्नाचा विचार करण्यासाठीं हा लेख आहे.

आमच्याकडे बिलिअर्ड्स म्हटलें म्हणजे इंग्रजी पद्धतीचा तीन चेंडूंचा खेळ, किंवा मग स्नूकर, हेंच बहुधा डोळ्यांपुढें येतें. स्नूकरचा उगम तर १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणींतला. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं १९५८ व १९६४ या सालीं हौशी खेळाडूंचें बिलिअर्ड्सचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, याचीहि आठवण पुष्कळांस असेल. स्ट्रेट पूल याहून निराळा आणि वरवर पाहतां फारच सोपा. टेबलास सहा पॉकिटें. एक पांढरा चेंडू आणि पंधरा रंगीत. हे पंधरा लांकडी त्रिकोणांत बसवून मांडावयाचे. मग पांढऱ्या चेंडूनें कोणताहि रंगीत चेंडू कोणत्याहि पॉकिटांत घालावा. मात्र कोणता चेंडू कोठें जाणार हें आधीं सांगितलें पाहिजे. प्रत्येक चेंडूस एक गुण. नेम हुकला कीं पाळी प्रतिस्पर्ध्याची. ठरलेली संख्या, मोठ्या सामन्यांत बहुधा १५०, जो आधीं गांठील तो विजयी. कॅरम खेळणाऱ्या वाचकांस यांत दुर्बोध असें कांहींच नाहीं.

खेळाचा प्राण आहे तो पुढील नियमांत. चौदा चेंडू पॉकिटांत गेले कीं खेळ क्षणभर थांबतो. पंधरावा चेंडू आणि पांढरा चेंडू जेथें असतील तेथेंच राहूं देऊन ते चौदा पुन्हा त्रिकोणांत मांडतात. त्रिकोणाच्या अग्राची जागा तेवढी रिकामी राहते. आतां खेळाडूनें तो एकटा उरलेला चेंडू पॉकिटांत घालावयाचा, आणि त्याच फटक्यानें पांढरा चेंडू नव्या जमावावर असा आदळवावयाचा कीं जमाव फुटून पुढचे चेंडू मोकळे व्हावेत. या उरलेल्या चेंडूस आपण ‘फोडीचा चेंडू’ म्हणूं. त्याच्या आधीं घ्यावयाच्या चौदाव्यास ‘किल्लीचा चेंडू’ म्हणूं. कारण तो घेतांना पांढरा चेंडू नेमक्या जागीं येऊन थांबला तरच फोडीचें दार उघडतें. ही युक्ति जेरोम कीओ या खेळाडूस १९१० च्या सुमारास सुचली असें मानतात, आणि १९१२ पासून जागतिक अजिंक्यपदाचे सामने याच नियमानें होऊं लागले. त्यापूर्वीं पंधराहि चेंडू संपवून डाव नव्यानें मांडावा लागे, आणि मालिकेचा ओघ तेथें तुटे. कीओनें एक चेंडू मागें ठेविला आणि दोन डावांमध्यें सांधा निर्माण केला.

या सांध्याचें महत्त्व ध्यानीं आलें म्हणजे उत्तम खेळाडू टेबलाकडे कसा पाहतो हें समजूं लागतें. जमाव फुटला कीं तो सर्वांत सोपा चेंडू शोधीत नाहीं. तो प्रथम शेवट ठरवितो. त्रिकोणाच्या जागेलगत, बाजूस, योग्य कोनांत पडलेला एखादा चेंडू तो फोडीसाठीं राखून ठेवितो. त्याच्या जवळपासचा दुसरा किल्लीसाठीं. मग या दोन चेंडूंपासून मागें मागें विचार करीत बाकीच्यांचा क्रम लावतो. कुशनला चिकटलेले चेंडू लवकर घ्यावे, कारण टेबल रिकामें होत गेलें कीं तेथवर जाण्याची वाट लांबते. एकमेकांस चिकटलेल्या चेंडूंचा पुंजका टेबलावर दुसरे मोकळे चेंडू असतांनाच फोडावा, म्हणजे पांढरा चेंडू कसाहि थांबला तरी पुढचा फटका हाताशीं राहतो. पांढऱ्या चेंडूस शक्य तितकें कमी चालवावें. तो जितका दूर धांवेल तितकी चूक वाढेल. चेंडूवर आदळून तो जागच्या जागीं थांबला तर सर्वांत उत्तम.

आमची एक कबुली येथेंच देऊन टाकतों. एका निष्णात खेळाडूच्या शंभराहून अधिक चेंडूंच्या मालिकेची चित्रफीत आम्ही प्रथम पाहिली तेव्हां आम्हांस स्पष्ट कंटाळा आला. प्रत्येक फटका आपल्यासहि जमेल असा वाटत होता. चेंडू पॉकिटाच्या तोंडाशीं, पांढरा चेंडू त्याच्या मागें हातभर अंतरावर, हलका आघात, पुढें तेंच. यांत कौशल्य तें कोठें, असें आम्ही मनाशीं म्हणालों. दुसऱ्यांदा पाहतांना मात्र आम्ही प्रत्येक फटक्यापूर्वीं चित्र थांबवून पुढचा चेंडू कोणता घ्यावा याचा अंदाज करूं लागलों, आणि बहुतेक वेळीं चुकलों. आम्ही जो सोपा चेंडू निवडीत असूं तो घेतला असतां आणखी तीन फटक्यांनीं अवघड प्रसंग उभा राहिला असता. खेळाडूनें तो प्रसंग येऊंच दिला नव्हता. आम्हांस जें सोपें दिसत होतें तें त्यानें सोपें केलेलें होतें.

यांतील गणितहि पाहण्यासारखें आहे. समजा, एखादा खेळाडू शंभरांपैकीं नव्याण्णव फटके बिनचूक मारतो. हें प्रमाण कोणासहि विलक्षण वाटेल. तथापि शंभर चेंडूंची मालिका पुरी होण्याची त्याची शक्यता शेंकडा सदतीसहून थोडी कमीच येते, आणि सव्वापांचशें चेंडूंची तर दोनशें प्रयत्नांत सुमारें एकदां. तोच खेळाडू हजारांत नऊशें अठ्ठ्याण्णव फटके साधूं लागला, तर ही दुसरी मालिका तीन प्रयत्नांत एकदां साधेल. नव्याण्णवांपासून या प्रमाणापर्यंतचें अंतर अवघड फटके अधिक धैर्यानें मारून तोडतां येत नाहीं. अवघड फटके मारण्याची वेळच येऊं न देणें हा एकच मार्ग आहे. म्हणून या कलेंतील श्रेष्ठ गुण प्रेक्षकांस दिसत नाहीं. जो प्रसंग आलाच नाहीं त्याला टाळ्या कशा मिळाव्या?

येथें एक आक्षेप येईल. अडचणी टाळून टाळून तेच तेच करीत राहणें यास कला म्हणावें काय? हा आक्षेप पोकळ नाहीं, आणि बिलिअर्ड्सच्या इतिहासांतच त्याला आधार आहे. इंग्रजी बिलिअर्ड्समध्यें १९०७ सालीं टॉम रीस यानें दोन चेंडू एका पॉकिटाच्या तोंडाशीं अडकवून, पांढऱ्या चेंडूनें त्यांस हलकेच स्पर्श करीत राहण्याची क्लृप्ति साधली आणि कित्येक आठवडे खेळून ४,९९,१३५ गुण केले. हा आंकडा वाचून विस्मय वाटण्याऐवजीं हंसूं येतें. तो फटका पुढें नियमानें बंद करण्यांत आला. १९३२ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रम यानें लंडन येथें एका पाळींत ४,१३७ गुण केले. त्याच्या हातची नजाकत रीसपेक्षां कितीतरी वरच्या दर्जाची होती, तरी त्याचें सामर्थ्य आवरण्यासाठींहि नियम बदलावे लागले. मालिका जेथें स्वतःचीच पुनरावृत्ति करूं लागते तेथें खेळ मरतो, आणि मग नियामक मंडळास वैद्य होऊन धांवावें लागतें.

स्ट्रेट पूलला असा वैद्य बोलवावा लागला नाहीं. त्याचें कारण कीओचा सांधा. चौदा चेंडू झाले कीं खेळाडूनें स्वतःच निर्माण केलेली सुव्यवस्था मोडावी लागते. जमाव फुटून कोणता चेंडू कोठें जाईल हें पूर्णपणें कोणाच्याहि स्वाधीन नाहीं. त्यामुळें प्रत्येक डावाचा प्रश्न नवा. तबल्याच्या साथीनें गाणारा गवई समेवर येतो तेव्हां एक आवर्तन संपतें आणि त्याच मात्रेवर दुसरें सुरू होतें. फोडीच्या चेंडूचें तसेंच आहे. तो मागच्या डावाचा अखेरचा असतो आणि पुढच्याचा पहिला. समेवर नेमका येणारा गवई जसा ती सम बऱ्याच आधींपासून मनांत धरून असतो, तसा हा खेळाडू आपला पंधरावा चेंडू पहिल्यापासून धरून असतो. नियमितपणा आणि अनिश्चितता यांचें असें प्रमाणशीर मिश्रण फार थोड्या खेळांत आढळतें. रीसचे पावणेपांच लक्षांहून अधिक गुण ज्या कसोटीवर उतरत नाहींत, त्याच कसोटीवर येथील एकेक चौदाचा डाव उतरतो.

या खेळावर लिहिलेली सुप्रसिद्ध कादंबरी म्हणजे वॉल्टर टेव्हिस याची १९५९ सालची ‘द हस्लर’. तिच्यावरून रॉबर्ट रॉसन यानें १९६१ मध्यें चित्रपट काढला आणि त्यांतील पॉल न्यूमनची भूमिका सर्वतोमुखीं झाली. एडी फेल्सन हा तरुण, जातिवंत खेळाडू शिकागोस येतो, मिनेसोटा फॅट्स या मुरलेल्या खेळाडूस आव्हान देतो, रात्रभर खेळून पुढें जातो, आणि शेवटीं दारू व गर्व यांच्या पायीं हरतो. बर्ट नांवाचा जुगारी त्याला सांगतो कीं तुझ्यांत गुण आहे, पण शील नाहीं. पुढची कथा हें शील कसें आणि कोणत्या किंमतीस मिळतें याची. कादंबरी उत्तम आहे. थकव्याचें, गर्वाचें आणि हरण्याच्या गुप्त इच्छेचें इतकें नेमकें चित्रण खेळावरील साहित्यांत क्वचित् सांपडेल. तथापि ती ज्या खेळाविषयीं आहे, त्याच्या मर्मास तिनें स्पर्श केला असें आम्हांस वाटत नाहीं. टेव्हिसला हवा असतो प्रतिस्पर्धी. एडीचा चांगला खेळहि फॅट्सच्या चेहऱ्यावर काय उमटतें त्यावरून मोजला जातो. दीर्घ मालिकेंत तर प्रतिस्पर्धी खुर्चींत बसलेला असतो आणि त्याला करण्यासारखें कांहींच नसतें. तेथें संघर्ष आहे तो खेळाडू आणि टेबल यांचा, आणि खेळाडू जितका श्रेष्ठ तितका तोहि मावळत जातो. ज्या गोष्टींत कांहीं घडूं न देणें हेंच यश, तिची कथा कशी सांगावी? चित्रपटाची अडचण याहून मोठी. त्याचा तांत्रिक सल्लागार विली मॉस्कोनी होता, आणि कांहीं अवघड फटके प्रत्यक्ष त्यानेंच मारले. ज्याची कीर्ति अवघड फटका टाळण्यावर उभी, त्याला पडद्यासाठीं अवघड फटके मारावे लागले. हा दोष रॉसनचा म्हणतां येत नाहीं. नाट्याला अडचण लागते. पुढें १९८६ मध्यें एडीची उत्तरकथा पडद्यावर आली तेव्हां तींत स्ट्रेट पूलची जागा नऊ चेंडूंच्या झटपट खेळानें घेतली होती. व्यावसायिक सामन्यांतहि तोंवर बहुतेक तसेंच घडलें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मॉस्कोनी हा फिलाडेल्फियाचा. बापाचा पूलचा अड्डा होता, पण पोरानें खेळूं नये म्हणून बाप चेंडू कुलुपांत ठेवी. तेव्हां पोर बटाट्यांवर सराव करी, अशी आख्यायिका आहे. १९४१ ते १९५७ या काळांत त्यानें पंधरा वेळां जागतिक अजिंक्यपद जिंकलें. १९ मार्च १९५४ रोजीं ओहायो राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें एका प्रदर्शनीय सामन्यांत त्यानें ५२६ चेंडू ओळीनें घेतले: सदतीस डाव पुरे आणि अडतिसाव्यांतील आठ. उपस्थितांपैकीं तिसांहून अधिक लोकांच्या सह्यांचें प्रतिज्ञापत्र त्यास साक्ष आहे. पुढें १९६० मध्यें ब्रुकलिन येथें मायकेल युफेमिया यानें ६२५ घेतल्याचें सांगतात. परंतु सबंध मालिका पाहिलेले साक्षी नसल्यानें ती मान्य झाली नाहीं. २०१९ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील मॉंटेरे येथें जॉन श्मिट यानें कॅमेऱ्यासमोर ६२६ चेंडू घेतले, आणि २०२२ च्या जानेवारींत स्कॉटलंडचा जेसन शॉ ७१४ पर्यंत पोंचला.

या आंकड्यांची तुलना करूं गेल्यास पहिली अडचण साधनांची. मॉस्कोनीचें टेबल आठ फुटी, श्मिटचें नऊ फुटी. आजचें कापड अधिक गतिमान, चेंडू अधिक स्वच्छ व एकसारखे. कोणी म्हणेल, लहान टेबलामुळें मॉस्कोनीस फटके जवळचे मिळाले. दुसरा म्हणेल, लहान टेबलावर चेंडूंची दाटी अधिक, म्हणून वाट काढणें कठीण. हा वाद आम्हांस मिटवितां येत नाहीं आणि मिटवावासाहि वाटत नाहीं. अधिक महत्त्वाचा भेद हेतूचा आहे. मॉस्कोनीचा सामना २०० गुणांचा होता. तो जिंकून झाल्यावर, प्रेक्षकांच्या आग्रहास्तव, तो पुढें खेळत राहिला. श्मिट व शॉ यांनीं टेबलाशीं उभें राहतांना विक्रमाखेरीज दुसरा हेतु धरलाच नव्हता. हुकलें कीं चेंडू मांडून पुन्हा आरंभ, असे प्रयत्नांमागून प्रयत्न त्यांनीं केले. यांत कमीपणा नाहीं. श्मिटनें कित्येक आठवडे केलेले परिश्रम ही तपश्चर्याच होय. परंतु कृतीचें रूप यानें बदलतें.

आणि येथेंच आम्हांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. विक्रमी मालिका, तिच्या स्वरूपामुळेंच, चुकीनें संपते. ५२६ म्हणजे पांचशें सत्ताविसावा चेंडू हुकला; ७१४ म्हणजे पुढचा एक साधला नाहीं. जेथें थांबावें असें कृतीनें स्वतः ठरविलेलें नाहीं, तेथें थकवा किंवा दैव येऊन तिला थांबवितें. यांस शेवट आहे, समाप्ति नाहीं. याच्या उलट दुसरें एक उदाहरण घ्या. १९६६ मध्यें शिकागो येथें अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत अर्व्हिंग क्रेन यानें जो बाल्सिसविरुद्ध एकाच पाळींत १५० चेंडू घेऊन सामना संपविला. आंकडा म्हणून १५० कांहींच नव्हे. स्वतः क्रेननें १९३९ मध्यें मोठ्या, दहा फुटी टेबलावर ३०९ घेतलेले होते. परंतु त्या १५० चेंडूंत पहिला चेंडू शेवटच्यासाठीं होता. समोर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता, एक चूक झाली असती तर अजिंक्यपद त्याच्याकडे गेलें असतें, आणि पुन्हा चेंडू मांडून आरंभ करण्याची सोय नव्हती. शेवटचा चेंडू पॉकिटांत गेला आणि कृति संपली. तींत हुकलेला चेंडू नाहीं. पूर्णता हा शब्द वापरावयाचा असेल तर तो येथें वापरावा, असें आमचें मत आहे.

यावर कोणी म्हणेल, १५० ही संख्या तरी मनुष्यानेंच ठरविलेली. तिच्यांत पवित्र असें काय आहे? कांहींच नाहीं. सुनीताच्या चौदा ओळींतहि पवित्र कांहीं नाहीं. तेरा ओळींत आशय संपला तरी चौदावी लिहावी लागते आणि पंधरावी सुचली तरी टाकावी लागते. मर्यादा कोठली आहे याला महत्त्व नाहीं. ती आधीं मान्य केलेली असली म्हणजे तिच्या आंतील प्रत्येक गोष्टीस अर्थ येतो. मॉस्कोनीच्या मालिकेंतील पहिले दोनशें चेंडू या दृष्टीनें सामन्याचे होते. पुढचे तीनशें सव्वीस सामन्याबाहेरचे, प्रेक्षकांच्या व स्वतःच्या आनंदाचे.

तरी या तीनशें सव्विसांना आम्ही कमी लेखूं इच्छीत नाहीं, आणि येथें आमच्याच मताला थोडी मुरड घालणें प्राप्त आहे. क्रेनच्या कृतींत आपणांस दिसतें तें मर्यादेच्या आंतील प्रभुत्व. मनुष्याचें लक्ष, हात आणि डोळा कोठवर टिकूं शकतात हें मात्र तिच्यावरून कळत नाहीं. तें कळण्यासाठीं कोणीतरी मर्यादा ओलांडून, चूक होईपर्यंत चालत राहावें लागतें. तो शेवटचा हुकलेला चेंडू हीच तेथें ज्ञानाची किंमत. म्हणून विक्रमाचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं; तो मनुष्याच्या शक्तीविषयींचा पुरावा आहे, आणि पुराव्यास आंकडा लागतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं पुरावा आणि कलाकृति या दोन वस्तु आहेत, आणि एकीची योग्यता दुसरीच्या मापानें मोजल्यास दोहोंवरहि अन्याय होतो. सातशें चौदा हा आंकडा वाचून आपण थक्क व्हावें, हें योग्य. परंतु खेळ पाहावयाचा असेल तर त्यांतील कोणताहि एक चौदाचा डाव घ्यावा, किल्लीचा आणि फोडीचा चेंडू कोणता हें आधीं ओळखण्याचा प्रयत्न करावा, आणि खेळाडूनें कोणता मोह टाळला तें पाहावें. ज्यास एवढें दिसूं लागलें, त्यास आम्हांप्रमाणें प्रथम कंटाळा आला असला तरी तो फार वेळ टिकणार नाहीं.